पत्त्यात ळ बसत नाही

फोन उचलला की आधी वडगावचे माग ऐकू येतात,
मागून मुचंडीकर मामा.
"काय गा, नाव गावलं काय?"

पाच दिवस हेच.
त्यांना पहिलं पान पाहिजे.
दुसऱ्या पानावर कोण जातंय, म्हणतात,
गिऱ्हाईक दुसऱ्या गल्लीत वळत नाही, ते काय पान उलटतंय.

म्हणून आधी गाव, मग साडी.
शोधणारा जे टंकतो तेच पाटीवर, असा माझा हिशेब.
बी, ई, एल.
इथवर तंटा नाही.
चौथ्या अक्षरावर गाव फुटतं:
हुबळीची बाई ए दाबते, पुण्याची जी,
आणि जीवालं नाव कुणीतरी कधीच घेऊन ठेवलंय.
आत एक साडी नाही.
कोरं पान, "विकणे आहे" आणि डॉलरातला आकडा.
"म्हणजे आपलं गाव आपल्याला विकत घ्यायचं?"
मामांना काय सांगू.
मधे आडवी रेघ घालून मिळेल म्हटलं,
तर म्हणाले, फोनवर रेघ कशी सांगायची?

शेवटी कागदावर सोळा नावं लिहून गेलो.
तेलाचा वास, पायाखाली सुताचा कापूस.
ईरव्वा कांड्या भरत होती.
इंग्रजी अक्षरं ती लावून लावून वाचते,
तिसऱ्या नावावर बोट थांबलं.
"ळ एल्लैती?"
ळ कुठंय.

मी वरपासून खालपर्यंत बघितलं.
एल होता, सोळाही ठिकाणी.
ईरव्वाच्या पाटीवर ळ होता, माझ्याही.
इतकी वर्षं दुकानांच्या फळ्यांवरून भांडलो आम्ही,
कुठली लिपी वर, कुठली खाली,
आणि हे अक्षर दोन्ही ओळींत होतं.
कीबोर्डवर कुणाचंच नाही.

ती पुन्हा कांडीकडे वळली.
मागावर हिरवी साडी होती, काठाला गोमी.
"हेच घाल की," मी म्हटलं. "गोमीकाठ."
मामा हसले. "गोम? लोक म्हणतील यात काहीतरी गोम आहे."
"म्हणू देत. उघडून बघतील."
गाव नाही, साडी नाही, शोधणाऱ्याचा एकही शब्द नाही त्यात,
माझा सगळा हिशेब मोडत होता.
मोकळं होतं. वर्षाला आठशेच्या आत.

महिना झाला. चौथं पान.
मामांना सांगितलंय, आत लिहायला पाहिजे,
कुठलं सूत, कुठला रंग, कोण विणतं.
ते बोलतात, मी टंकतो, ईरव्वा चुका काढते.

काल त्यांच्याकडे बसलो होतो तेव्हा सोलापूरहून फोन आला,
पत्ता विचारत.
मामा उठले, एकेक करत चारी माग बंद केले,
आणि त्या शांततेत, मोठ्यानं,
गरज नसताना मोठ्यानं,
"जी," म्हणाले. "ओ."