उघड्या तोंडाचे मोजे

लेस्टरच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
माझं काम एकच होतं,
मोज्याचं तोंड बंद करायचं.
मशीनवरून गोल नळी यायची, दोन्हीकडून उघडी.
एक बाजू पायासाठी सोडायची,
दुसरीवर, बोटांपाशी, शिवण.
डझनावर पैसे.
मॉरीन सुपरवायझर शिवणीवरून नख फिरवायची,
नख अडकलं की मोजा लाल टोपलीत.
शेजारच्या मशीनवर जशुबेन. तिच्यामुळे मला गुजराती आलं
आणि इंग्रजी यायचं राहिलं.

आता त्या कारखान्याचे फ्लॅट झालेत.
पाय मात्र अजून मशीनपाशीच उभे आहेत,
डाव्या पोटरीवर निळ्या शिरा
भिजवलेल्या सुतळीसारख्या.
मागच्या खेपेला विमानातून उतरले ती
चपला हातात घेऊनच.
नणंद म्हणाली, वहिनी, हा पाय आहे की दुधीभोपळा?
हसलो सगळे.
रात्री मी एकटीच अंगठ्याने दाबून बघत बसले,
पडलेला खळगा किती वेळाने भरतो.

या वेळी नर्सने टेप लावली,
घोटा, पोटरी, गुडघ्याखाली,
ब्लाउजचं माप घ्यावं तशी.
दहा तास बसून गुठळी होते म्हणाली, मोजे घालाच.
मग बोटांकडे बघून :
ह्या रिंगा तेवढ्या काढा.

जोडवी.

ह्यांनी कोमट पाणी आणलं, साबण, मग खोबरेल,
मग मोबाइलवर बघून बघून दोरा.
बेचाळीस वर्षांत माझा पाय
पहिल्यांदाच ह्यांच्या मांडीवर.
(लग्नात सहाणेवर ठेवताना अंगठा धरला होता,
तोही भटजी ओरडले म्हणून.)
मी देवघराकडे पाठ करून बसले होते.
"अगं, मी जिवंत असताना मीच काढतोय,
कोण काय बोलणार?"
डावं सुटेना. उजवंही सुटेना.
चांदी कुठे संपते आणि बोट कुठे लागतं
ते दोघांनाही सांगता येईना.
"कापून..." म्हणाले, आणि आपणच थांबले.
पाणी गार झालं होतं. ते ओतायला उठले.

तोड काढली फार्मसीतल्या अब्दीने.
आँटी, बोटं उघडी राहणारे पण येतात.
पाकिटातून निघाले ते
जन्मभर मी लाल टोपलीत टाकलेलेच मोजे.
तोंड उघडं. नुसती नळी. किंमत मात्र तिप्पट.
बोट आत घालून मी काठ चाचपला,
कुणी दुमडला असेल, कुठल्या गावी,
डझनाला काय पडतं तिच्या हातात.
काठ चांगला होता. मॉरीनचं नख अडकलं नसतं.
जशुबेनला फोन केला. इतकी हसली की
ठसका लागला.
मग दोघी थोडा वेळ नुसत्याच फोन धरून.

पहाटे पावणेतीन. सूज उतरायच्या आत,
म्हणून पलंगावरच.
हे खाली बसले, भांडी घासायचे पिवळे हातमोजे घालून,
त्याने पकड येते म्हणे.
टाच जागेवर. सुरकुती राहिली. पुन्हा.
गुडघ्याखाली दोन बोटं सोडून.
"घट्ट आहे?"
"पोलिसाने दंड धरल्यासारखं."
"मग बरोबर आहे."
उठताना ह्यांचा गुडघा वाजला.
त्यासाठी अजून काही आणलेलं नाही.

सेंट मार्गारेट्सहून हीथ्रोची कोच.
हीटर जास्त, माणसं कमी. हे घोरतायत.
मी सँडल काढून नर्सने सांगितलेलं करते,
चवडा दाबायचा, सोडायचा,
दाबायचा, सोडायचा.
जोडवी फूटरेस्टच्या पत्र्यावर टिकटिकतात.
बाहेर काळोख, लॉऱ्यांचे लाल दिवे.
पायाला हे ओळखीचं वाटतं,
हाच तर पायडल.
ल्यूटनची पाटी येईपर्यंत
माझे तीन डझन झाले.