कारणाचा रकाना

पतसंस्थेत मी दुसऱ्यांच्या गाड्यांचे हप्ते लिहिते,
अठरा वर्षं झाली.
कुणाचा थकला, कुणाची गाडी ओढून आणली,
सगळं माझ्याच अक्षरात.
आपली घेतली तेव्हा मात्र
शंभर पानी वही वेगळी काढली,
आत चार रकाने:
किलोमीटर, कुठे, रुपये, कारण.

गाडी जुनीच. आधीच्या मालकाचा गणपती
अजून काचेपुढे मान हलवतो.
भद्रावती पेठेतली आमची गल्ली एवढी अरुंद
की आरसे मिटून आत घ्यावी लागते तिला,
गर्दीच्या लग्नात बाई पदर आवरून शिरते तशी.

पहिल्या महिन्यात कारणांना तोटा नव्हता.
चुलत नणंदेचं बारसं. दाताचा डॉक्टर.
हैदराबादच्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं.
मग पेट्रोलचा आकडा दिसू लागला
आणि हे पुन्हा जुन्या स्कूटरवरून
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात जाऊ लागले.
श्रावंती क्लासला सायकलवर.
मी चालत.
गाडी दारात, कडुलिंबाखाली,
निंबोळ्या झेलत.
शेजारचा अंबादास विचारायचा,
"काय बे मल्लेशम, गाडी घेतलास का ठेवून घेतलास?"

मार्च संपला, बेरीज केली.
विमा, टायर, बॅटरी, व्याज,
शनिवारची लिंबू-मिरची बावन्न वेळा,
आणि घसारा.
हा शब्द घरात कुणाच्या गळी उतरेना.
अत्तम्मा म्हणाल्या, "उभ्या गाडीला कसला गं खर्च?"
मी म्हटलं, "बसल्या माणसाचंही वय वाढतंच की."
त्या दिवसभर बोलल्या नाहीत.
तो खर्च कुठे लिहायचा, मला सुचलं नाही.

एक लाख वीस हजार.
चाललेले किलोमीटर तीन हजार एकशे वीस.
भागाकार तीनदा केला,
तिन्ही वेळा अडतीस रुपये शेहेचाळीस पैसे.
एका किलोमीटरला!
म्हणजे त्या रविवारची मेथी,
जाऊन-येऊन चार किलोमीटर,
दीडशे रुपयांवर गेली, दहाची जुडी सोडून.

हे कितीतरी वेळ वहीकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "म्हणजे कमी चालवली म्हणून महाग पडली?"
हो.
"आणि महाग पडते म्हणून आपण कमी चालवतो."
हो.
कारखान्यात धागा तुटला की माग थांबवून
हात आत घालतात, तशी ह्यांची बोटं
हवेतच थांबली होती.

एप्रिलची रात्र. वीज गेलेली, गादी तापलेली.
साडेदहाला हे उठले, किल्ली घेतली.
"चला. स्वस्त करून आणू."

अत्तम्मा पुढे बसल्या, मांडीवर पाण्याची बाटली.
विजापूर वेस, सात रस्ता, मग सोरेगाव मागे पडलं,
खिडक्या उघड्या, एसीचं बटण कुणी दाबलं नाही.
दोन्हीकडे काळोख, कुठूनतरी शेणाचा, धुळीचा वास,
समोरून उसाच्या मळीचा टँकर.
श्रावंती दर दहा किलोमीटरला मोबाइलवर भागाकार करी
आणि ओरडे, "छत्तीस पैसे खाली!"
मी म्हटलं, "पेट्रोल धरलंस का?"
"नाही."
"मग पुन्हा कर."

टाकळीच्या पुलावर थांबलो.
भीमेत पाणी होतं की नुसती वाळू,
अंधारात कळलं नाही.
अत्तम्मा खाली उतरल्या, कठड्याला टेकल्या,
खूप दिवसांनी तेलुगूत काहीतरी गुणगुणल्या.
विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, चल."

साठ किलोमीटर. पेट्रोल चारशे चोवीस.
नवा दर सदतीस सत्त्याऐंशी.
"एकोणसाठ पैसे वाचले," श्रावंती झोपेत म्हणाली.
वही उघडली. कुठे: टाकळी पूल.
कारणापाशी पेन टेकवलं,
शाईचा ठिपका मोठा होत गेला,
तेवढाच ठेवला.

बाहेर हे कारखान्यातल्या डागी टॉवेलनं
काच पुसत होते.
"उद्या नळदुर्ग?"
मी म्हटलं, "उद्या नाही. उद्या पाचवा दिवस,
पहाटे नळाला पाणी येणार."