बरणीवरचं झाकण

दगडांवर लाल बाण रंगवलेत, निम्मे पुसट.
गोनारिया आत्या त्यांच्याकडे बघतही नाही.
सुप्रामोंतेत तिचे पाय कुणाला वाट विचारत नाहीत;
गुडघे तेवढे कुरकुरतात,
त्यांना ती सार्ड भाषेतल्या शिव्या घालते.

चुनखडीचा डोंगर, पांढरा, धारेचा,
बुटांची साल काढणारा.
शेवटची फट इतकी अरुंद
की आधी पिशवी आत सारायची,
मग खांदा,
मग उरलेलं माणूस.

आत डोंगराला छप्पर नाही.
कधीकाळी कोसळलं ते, आता पोकळीत झाडं उभी,
आणि कडेकडेने, कातळाच्या पोटाला बिलगून, घरं.
घरं म्हणजे गुडघाभर भिंती.
कातळालाच एक भगदाड आहे, खिडकीएवढं:
त्यातून अख्खी दरी दिसते,
दरीतून इथलं कुणी दिसत नाही.

"कुणाला भीत होते हे लोक?"
"समुद्राकडून येईल त्याला," आत्या म्हणते,
आणि दम खायला बसते.

पिशवीतून कारासाउ रोटी निघते, कडकडीत,
मेंढीच्या दुधाचं चीज,
आणि फडक्यात बांधलेला खापराचा तुकडा.
बोबोरे, तिचा भाऊ, नऊ वर्षांचा असताना
चुकलेली शेळी शोधत इथवर आला होता.
शेळी सापडली नाही. हे सापडलं.
बासष्ट वर्षं मिठाच्या बरणीवर झाकण म्हणून राहिलं.
या हिवाळ्यात तो गेला.
माझा बाप.

राखणदार बाकीस पाटीकडे बोट दाखवतो:
इथून काहीही नेऊ नये.
"नेत नाहीये. आणलंय."
तो पाटी पुन्हा वाचतो, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत.
मग पाठ फिरवून खिशात सिगारेट शोधत राहतो.
सोडून चार वर्षं झालीत त्याला.

आत्या तुकडा तिसऱ्या घराच्या कोपऱ्यात ठेवते.
उचलते. शेजारच्या घरात ठेवते.
पुन्हा उचलते.
कुठल्या घरातून, ते बोबोरेने कधी सांगितलं नव्हतं,
आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.
ती तुकड्यावरून ओलं बोट फिरवते, जिभेला लावते,
मला काही सांगत नाही.
भिंतीतल्या एका खाचेत तो सारते,
जणू चुलीशी हात पोचेल अशा जागी.

उतरताना झऱ्यापाशी भाकर मोडली आम्ही.
"अळणी आहे चीज," आत्या म्हणाली.
चीज खारट होतं,
चांगलंच खारट.
मी म्हटलं, हो.