एडमंड पेल, नग पाच

पत्र डर्बीहून आलं, निळ्या शाईतलं :
माझे पूर्वज एडमंड पेल आपल्याकडे आहेत,
कृपया कबरीचा फोटो पाठवावा.
आहेत, बाई. पण कुठले?
शिवडीच्या या कचेरीत रजिस्टर उघडलं
तर पाच निघाले,
रेशनच्या दुकानात कुणी 'पाटील' म्हणून हाक मारावी
आणि अर्धी रांग वळून बघावी, तसे.

पहिला वखारीतला.
त्याची हाडं इथं नाहीतच,
कुलाब्याकडं कुठंतरी समुद्रानं नेली;
पाटी तेवढी आणून भिंतीत बसवलीय.
मिरी, कापड, ताप. संपलं चरित्र.
'वय तेवीस' ही अक्षरं बारीक, घाईत कोरलेली,
कारागिराला जेवायला जायचं असावं.

दुसरा गोदीतला.
सागाच्या ओंडक्यावर टिचकी मारून
आतलं पोकळपण कानानं सांगायचा म्हणे.
कुणी सांगितलं मला हे?
बहुतेक मीच.

तिसऱ्यानं कापसात कमावलं, कापसातच घालवलं,
पण संगमरवराचा देवदूत आधीच मागवून ठेवलेला.
बिल अजून फायलीत आहे, थकलेलं.
देवदूताचं नाक गेलंय.
मागच्या झोपडपट्टीतली पोरं भिंतीवरून
त्याला नकट्या म्हणून हाक मारतात
आणि पतंग अडकला की त्याच्याच खांद्यावर चढतात.

चौथा गटारांचा साहेब.
माझा जीव आहे त्याच्यावर, खरं सांगतो.
उतार बोटभर चुकला
तर शहर शंभर वर्षं भोगतं,
एवढं एक वाक्य त्याच्या दगडावर आहे,
आयुष्यभर दुसऱ्यांची घाण वाहून नेण्याचा विचार केलेल्या
माणसाला शोभेलसं.
आमच्या गल्लीतल्या एका लोखंडी झाकणावर
ए. पी. अशी अक्षरं आहेत. ती त्याचीच, असं मी मानतो.
महापालिका काहीच मानत नाही.

पाचवा तीन दिवसांचा.
चौथ्याचा मुलगा, बापाच्या आधी सात वर्षं.
इतक्या घाईनं नाव का ठेवलं?
नाव दिलं तर थांबेल,
असं वाटलं असेल आईला.

आणि मग शेवटचा रकाना,
जो कुणी वाचत नाही.
चौथ्यापुढं : खणणार शांतवन उजागरे, आठ आणे.
पाचव्यापुढं : खणणार शांतवन उजागरे,
मजुरी कोरी.
घेतली नाही की लिहायची राहिली,
रजिस्टर बोलत नाही.

मी शांतवन उजागरे.
हे माझ्या आजोबांचे आजोबा,
दुष्काळात नगरहून चालत आलेले, खांद्यावर कुदळ.
आमच्यात एकाआड एक पिढी शांतवन,
खणणारे दोन, आणि आता हा लिहिणारा.
थोरल्या शांतवनची जागा कुठली?
पावती आहे, दगड नव्हताच.
त्या ओळीत त्यांच्यानंतर तिघं झोपून गेले,
आता तिथं गवत आहे, आणि तेलाच्या टाक्यांचा वास.

बाईंना उत्तर लिहायला बसलो :
आमच्याकडं मधे बापाचं नाव असतं,
त्यामुळं माणसं हरवत नाहीत.
वाचलं. खोडलं.
पुन्हा लिहिलं : आपले कुठले, ते कळवावं,
तोवर पाचही पाठवतो.

फोटो काढायला संध्याकाळी गेलो,
ऊन तिरपं, अक्षरं वाचायला बरं.
घरी आल्यावर मोजले तर सहा.
गवताचाही एक काढला होता मी,
नेम धरून, नीट मधोमध.
पाकिटात तोही गेला.

परवा उत्तर आलंय :
चौथे आमचे. आपले आभार.
पण सहाव्या फोटोत कोण आहे?

पत्र टेबलावर आहे, पेपरवेटखाली.
पंख्यानं त्याचा एक कोपरा
सारखा उचलून बघतोय.