पाचशे चाळीस फूट

मी समुद्रकाठची. आमची घरं खांबांवर उभी,
खालून भरती येते-जाते.
डोंगर मी एकही चढलेली नाही,
पण या बेटाचे सगळे डोंगर
पोर्ट मोर्सबीच्या तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली,
बावीस वर्षं माझ्याच हातून उंच झाले.
दुरून डोंगर साजरे म्हणतात.
माझे टेबलावरचे, त्याहून साजरे:
तपकिरी वळ्या, मधे ठिपका, ठिपक्याशेजारी आकडा.

सर्व्हेवाल्याच्या वहीत होतं ९९३०.
मी भरलं ९३९०.
एवढंच.
वीज गेली नव्हती, मला ताप नव्हता,
घरी कुणाशी भांडण नव्हतं. कारण शोधून झालंय माझं.
कोरीने ताडून पाहिलं. त्यालाही चारही अंक दिसले,
दोन नऊ, एक तीन, एक शून्य, हजेरी पूर्ण.
कोण कुणाच्या जागेवर बसलंय ते त्याने पाहिलं नाही.
खाली सही केली आणि भाजलेली केळी खायला गेला.

त्यानंतर अकरा महिने
एक डोंगर कागदावर
पाचशे चाळीस फूट वाकून उभा होता.
उघडीप असली की काही बिघडत नाही;
वैमानिक खिडकीतून बघतो, डोंगर असतो, वळसा घालतो.
नकाशाला विचारतात ते ढगात शिरल्यावर.
आणि ढग मी कधी काढले नाहीत,
त्यांना रकानाच नाही.

केपास गोरोकाहून आला तो मंगळवारी.
चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.
म्हणाला, नऊ माणसं होती, कॉफीची चार पोती,
आणि एका मास्तरीणबाईंच्या मांडीवर
पिशवीत डुकराचं पिल्लू.
नऊ हजार नऊशेवर होतो. तुमच्या हिशेबाने
खाली पाचशे फूट मोकळी हवा.
मग थांबला.
ढग फाटला तेव्हा पानं दिसली, म्हणाला,
हिरवा रंग नाही, पानं. एकेक.
दांडा पोटाशी ओढला तेवढं आठवतं.
आणि खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवली
चाकात अडकून आलेली फांदी,
बोटभर, शेवाळलेली.

दुरुस्ती छापून निघते अठ्ठावीस दिवसांनी.
तोवर एका ओळीची सूचना सगळीकडे जाते.
सगळीकडे म्हणजे जिथे कागद पोचतो तिथे.
म्हणून मी आणि कोरी रात्री नऊपर्यंत
रेडिओवर बसून एकेका धावपट्टीला हाका मारल्या.
पुष्कळशा नुसत्या खरखरल्या.
एकीवर युफा नावाचा म्हातारा भेटला.
मी आकडा सांगितला, तो हसला.
म्हणाला, बाई, आम्ही त्याला ‘आडवा येणारा’ म्हणतो.
आजा म्हणायचा, त्याचा आजाही म्हणायचा.
तुम्ही कधी विचारलं नाही.

खरंच नाही विचारलं.
नावासाठी तर रकाना होता,
त्यात मी आडवी रेघ मारली होती.

माझा बाप होडीत बसला की हातात बांबू धरायचा.
खडक कुठे ते त्याला पाठ; तरी बांबू पाण्यात.
ठाऊक आहे तिथेच टोचून बघायचं, म्हणायचा.
मी तेव्हा शाळेत पहिली यायचे,
मला हसू यायचं.

फांदी माझ्या खणात आहे, टाचण्यांच्या डबीत.
नव्या पानावर आकडा बरोबर छापला.
कुणाचं पत्र आलं नाही. येऊही नये.
आता मी मोठ्याने वाचते, कोरी मागून म्हणतो,
पाढ्यासारखं: नऊ, नऊ, तीन.
पलीकडच्या टेबलावरचे हसतात. हसोत.
शून्य म्हणण्याआधी मी जरा थांबते.
पंखा फिरत असतो.
कोरी माझ्या तोंडाकडे बघत असतो.