साक्ष, मजला तिसरा

मिनिटाला एकशेवीस शब्द, एवढा माझा हात.
समिती जिथे जाते तिथे मागच्या गाडीत मी,
लघुलिपीची वही, टोक काढलेल्या चार पेन्सिली.
या वेळी नाशिक. जानेवारी.
विश्रामगृहाच्या गिझरमधून गार पाणी आलं,
पण ते कामकाजात येत नाही.

इमारत रस्त्याकडून न्हालेली, मागून पारोशी.
"दर बारा वर्षांनी," पुंजाराम बेंडकुळे सांगत होता,
"साधूंबरोबर हिचीबी पर्वणी.
सिंहस्थाचा पैसा आला की रंग.
मागची भिंत गंगेपर्यंत पोचतच नाही, म्याडम."
पुंजाराम लिफ्टमन.
लिफ्ट बंद. स्टूल चालू.

मग समिती चढली.
पहिल्या मजल्यावर भूमी अभिलेख,
दुसऱ्यावर कसलंसं महामंडळ, कुलूप लावलेलं,
आणि तिसऱ्यावर दिव्यांग कल्याण.
कुणीच काही बोललं नाही, सगळ्यांना धाप लागली होती.
दुसऱ्या वळणावर पेठहून आलेला एक माणूस
कुबडी भिंतीला टेकवून बसला होता.
त्याने पाय आवरून घेतला,
आम्हाला जाता यावं म्हणून.

सभागृहात द्राक्षं होती, बिनबियांची,
आणि अनुपालन अहवाल, तोही तसाच.

प्रश्न : देखभाल-दुरुस्तीला मागणी किती?
उत्तर : एक कोटी चाळीस लाख.
प्रश्न : मिळाले?
उत्तर : अडतीस. एकोणतीस मार्चला.
प्रश्न : आणि खर्च?
उत्तर : एकतीस मार्चपर्यंत. सगळे.
प्रश्न : दोन दिवसांत? कशावर?
कार्यकारी अभियंता निरभवणे यांनी चष्मा पुसला.
चष्मा पुसण्याला लघुलिपीत खूण नाही.
मोजमापवहीत बावीस नळ होते,
गेडामताई स्वतः मोजून आल्या होत्या : नऊ.
त्यातला एक गळका, तोही धरून.
लिफ्टच्या देखभालीचं बिल दर तिमाहीला, न चुकता.
ताईंनी आकडा दोनदा वाचला,
दुसऱ्यांदा जरा हळू.

मागच्या भिंतीत पाणी मुरत होतं.
पोपडा सुटला आणि पडला,
कुणाच्या तरी बशीजवळ.

तेव्हा निरभवणे बोलले, कागदाकडे न बघता :
"नळांचं चुकलं माझं. लिहून घ्या.
पण ताई, सहा वर्षं मी एक कोटी चाळीस मागतोय.
अर्थसंकल्प इथे पास होत नाही.
तो तुम्ही करता. हात वर करून. एका दुपारी."

पंखा फिरत होता. जानेवारीत. बंद करायचं बटण तुटलेलं.

"हे कामकाजातून काढून टाका," अध्यक्ष म्हणाले.
मी एक आडवी रेघ ओढली.
माझा हात मात्र एकशेवीसचा,
हुकूम येईपर्यंत वाक्य पुरं झालेलं असतं.
गेडामताईंनी माझ्या वहीकडे पाहिलं,
अध्यक्षांकडे पाहिलं,
मग एक द्राक्ष उचललं आणि हातातच ठेवलं.

उतरताना पुंजारामने सवयीने लिफ्टची जाळी ओढली.
आत मागच्या सिंहस्थातले रंगाचे डबे,
तीन पायांच्या खुर्च्या, एक भगवी पताका गुंडाळलेली.
सन्माननीय सदस्य एकेक करून डोकावले.
"या ना," पुंजाराम म्हणाला, थट्टेने की मनापासून, कळलं नाही.
त्याची निवृत्ती मेमध्ये आहे.
जागा भरणार नाहीत असं ऐकलं, स्टूल राहील.

रात्री विश्रामगृहात मी टंकलं :
समितीने इमारतीची पाहणी केली.
विभागाने तीन महिन्यांत खुलासा सादर करावा.
रेघेखालची ओळ मला अजून वाचता येते,
दिव्याजवळ धरली तर.
वही जानेवारीअखेर जमा करायची असते.
आज एकोणतीस.