गॅरंटी नाही

तपकीर गल्लीत मुथांनी
न बघताच सांगितलं : ह्याची बॅटरी येत नाही.
मग बघून : येते. दोनशे ऐंशी. गॅरंटी नाही.

रात्री ओट्यावर, परातीत
(घरंगळलं काही, तर परातीतच राहील)
लॅमिनेट केलेल्या जुन्या पीएमटी पासाच्या कोपऱ्यानं
सांधा उचकटला.
आत बॅटरी टम्म फुगलेली,
कधीपासून पडदा आतून ढकलत बसलेली,
कुणाला न सांगता.

लाल तार लालला. काळी काळीला.
पहिला डाग तारेला,
दुसरा माझ्या अंगठ्याला.

पडदा उजळला.
तारीख : एक जानेवारी दोन हजार.
कानात खरखर,
मग तंबोरा, मग कुणीतरी खाकरलं, गायच्या आधी.

परातीत एक स्क्रू उरलाय.
कुठला, देव जाणे.
सकाळी कणीक मळण्याआधी
आठवणीनं उचलायला हवा.